दप्तरातून वगळलेली चार वर्षे

ज्या कृतीने कलावंताला कीर्ती मिळाली, तिच्या आधीचे आपले सारे काम त्याने जगाच्या दृष्टीआड करावे काय, आणि तसे करण्याचा त्याला अधिकार असावा काय, हा प्रश्न साहित्याच्या क्षेत्रात जुनाच आहे. ध्वनिमुद्रणाच्या युगातील संगीताने त्याला नवी धार आणली. हस्तलिखित जाळता येते. परंतु श्रोत्यांसमोर झालेला आणि नभोवाणीने टिपलेला कार्यक्रम जाळता येत नाही. तो फक्त नाकारता येतो.

आपल्या मंडळाच्या एका चर्चेत एका व्यासंगी सभासदांनी असे मत मांडले की, कलावंताने स्वतः बाजूला सारलेले आरंभीचे काम उकरून काढणे हा रसिकतेच्या नावाखाली केलेला असभ्यपणा होय. आपल्या कलाजीवनाचा प्रारंभ कोठून मोजावयाचा हे ठरविण्याचा अधिकार केवळ त्या कलावंताचा आहे. बहुतेकांनी माना डोलावल्या. मला हे मत मुळातूनच चुकीचे वाटते, आणि त्याचा प्रतिवाद करण्यासाठी मी एक दूरचे उदाहरण मुद्दाम निवडतो आहे. जवळची उदाहरणे घेतली की घराण्यांचे आणि संप्रदायांचे अभिमान जागे होतात व मूळ मुद्दा बाजूला राहतो. जर्मनीतील एका वाद्यवृंदाविषयी आपल्यापैकी फारसे कोणी हळवे नसावे.

हा वाद्यवृंद म्हणजे 'क्राफ्टवेर्क'. शब्दाचा अर्थ वीजनिर्मिती केंद्र. ड्युसेलडॉर्फ शहरात १९७० साली राल्फ ह्यूटर (जन्म १९४६) आणि फ्लोरियन श्नायडर (जन्म १९४७) या दोन तरुणांनी तो उभा केला. आज जगभर सिंथेसायझरवर आधारलेले जे लोकप्रिय संगीत ऐकू येते, त्याचा वंशवृक्ष काढावयाचा तर मुळाशी या दोघांची नावे लिहावी लागतात. नोव्हेंबर १९७४ मध्ये त्यांची 'आउटोबान' ही ध्वनिमुद्रिका आली. तिची एक संपूर्ण बाजू महामार्गावरील प्रवासाचे चित्र रंगविणाऱ्या बावीस मिनिटांहून अधिक लांबीच्या एकाच रचनेने व्यापलेली आहे. तिचाच तीनेक मिनिटांचा संक्षेप १९७५ साली अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत पंचविसाव्या क्रमांकापर्यंत चढला. पुढे 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस' (१९७७), 'मॅन मशीन' (१९७८), 'कॉम्प्युटर वर्ल्ड' (१९८१) या ध्वनिमुद्रिका आल्या. १९८२ च्या फेब्रुवारीत 'द मॉडेल' हे त्यांचे गीत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय तरुणांच्या वस्तीतून आलेल्या आफ्रिका बंबाटा यांच्या 'प्लॅनेट रॉक' या गीताने क्राफ्टवेर्कचेच सूर उचलून हिपहॉप नृत्यसंगीताला नवी दिशा दिली. २०१२ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने त्यांच्या आठ ध्वनिमुद्रिका ओळीने आठ रात्री सादर करविल्या.

आता या 'आठ' आकड्याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. २००९ साली क्राफ्टवेर्कने आपल्या समग्र कार्याचा म्हणून जो अधिकृत संच काढला, त्याचे नावच 'कॅटलॉग' असे आहे. सूची! या सूचीत आठ ध्वनिमुद्रिका आहेत व पहिली आहे १९७४ ची 'आउटोबान'. वस्तुतः तिच्या आधी या मंडळींच्या तीन ध्वनिमुद्रिका रीतसर प्रसिद्ध झाल्या होत्या, दुकानांत विकल्या गेल्या होत्या: 'क्राफ्टवेर्क' (१९७०), 'क्राफ्टवेर्क २' (१९७२) आणि 'राल्फ उंड फ्लोरियन' (१९७३). सूचीत त्यांचा उल्लेख नाही. सीडीचे युग आले आणि ओसरलेही. या तिन्हींची अधिकृत सीडी निघाली नाही. इतकेच नव्हे, तर १९८६ साली 'इलेक्ट्रिक कॅफे' या नावाने निघालेली ध्वनिमुद्रिका या संचात 'टेक्नो पॉप' या नावाने अवतरली, आणि काही मुखपृष्ठेही बदलली गेली. शासकीय सेवेत असताना एखाद्या कनिष्ठ लिपिकाने जुन्या नोंदवहीतील पहिली पाने फाडून, मधल्या एका नोंदीचा मथळा बदलून, वर 'संपूर्ण नोंदवही' असा शेरा मारला असता, तर त्याच्यावर खातेनिहाय चौकशी झाली असती. कलावंताने तेच केले की आपण त्याला 'आत्मभान' म्हणतो.

वगळलेल्या या चार वर्षांत होते तरी काय? प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रिकांपेक्षाही त्याचे उत्तर त्या काळच्या प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या मुद्रणांत अधिक स्पष्ट मिळते. पहिले १९७० चे. पश्चिम जर्मन नभोवाणी संस्थेच्या दूरचित्रवाणीने झोस्ट या गावी झालेला त्यांचा कार्यक्रम चित्रित केला. ह्यूटर कळफलकाच्या वाद्यापाशी, श्नायडर बासरीवर आणि क्लाउस डिंगर ड्रमवर. पुढे यंत्रमानवाचा मुखवटा धारण करणारी हीच माणसे येथे लांब केसांची, घामाघूम, एकमेकांकडे पाहत, अंदाज घेत वाजविणारी दिसतात. कॅमेरा मधूनमधून श्रोत्यांकडे वळतो. काही चेहरे तल्लीन, तर काहींवर 'हे काय चालले आहे?' असा उघड प्रश्न.

दुसरे मुद्रण मला अधिक महत्त्वाचे वाटते. ते जून १९७१ चे, ब्रेमेन शहरातील 'गोंडेल' नावाच्या चित्रपटगृहात झालेल्या कार्यक्रमाचे. ते केले रेडिओ ब्रेमेनने. या वेळी ह्यूटर नव्हते. ते काही महिन्यांसाठी वाद्यवृंद सोडून वास्तुशास्त्राच्या अभ्यासाकडे वळले होते. वाजविणारे तिघे होते: श्नायडर, डिंगर आणि गिटारवादक मिखाएल रोटर. या कार्यक्रमाच्या चोरट्या प्रती वर्षानुवर्षे हातोहात फिरत आल्या आहेत. त्यात 'रुकत्सुक' ही पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील रचना आहे. तिच्यात बासरीवर अक्षरशः फुंकरीचे घाव घातले जातात आणि त्या घावांतूनच लय उभी राहते. 'फॉम हिमेल होख' आहे. हे शीर्षक मार्टिन लूथर यांच्या नाताळच्या भजनाचे, 'उंच स्वर्गातून' अशा अर्थाचे. परंतु या रचनेत वरून खाली येताना जे ऐकू येतात ते घरंगळणारे, फुटणारे ध्वनी विमानांतून पडणाऱ्या बॉम्बची आठवण करून देतात. महायुद्ध संपल्यानंतरच्या काही वर्षांत जन्मलेल्या, बेचिराख झालेल्या शहरांच्या पुनर्बांधणीत वाढलेल्या मुलांनी हे वाजविले आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे अंगावर काटा येतो. आणि त्यात 'हेवी मेटल किड्स' नावाची एक धडाकेबाज, जड पावलांची रचना आहे, जी क्राफ्टवेर्कच्या कोणत्याही अधिकृत ध्वनिमुद्रिकेत नाही. हा कार्यक्रम कोणी टिपला नसता तर ती रचना होती हेही आज कळले नसते.

या मुद्रणाचे मोल केवळ दुर्मिळतेचे नाही. त्यातील डिंगर यांचे ड्रमवादन ऐकावे. सरळ, अखंड, पुढे पुढे जाणारी चार मात्रांची चाल. मध्ये ना अलंकार, ना समेवर येऊन विसावणे. त्याच वर्षी डिंगर आणि रोटर बाहेर पडले, त्यांनी 'नॉय!' म्हणजे 'नवे!' हा स्वतःचा वाद्यवृंद काढला आणि १९७२ च्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत हीच चाल परिपक्व होऊन अवतरली. समीक्षकांनी पुढे तिला 'मोटोरिक' हे नाव दिले. डेव्हिड बोवी यांच्यासारखे नामवंत कलावंत नॉय!चे चाहते होते. म्हणजे जून १९७१ च्या त्या संध्याकाळी ब्रेमेनच्या चित्रपटगृहात एका नव्हे, दोन परंपरांचा उगम एकाच रंगमंचावर ऐकू येतो. एक प्रवाह पुढे यंत्रांकडे गेला, दुसरा गिटार-ड्रमकडे. नदीचा उगम पाहण्यासाठी माणसे डोंगर चढून जातात. येथे उगम चोरवाटेने पाहावा लागतो.

आता प्रतिपक्षाचे मुद्दे क्रमाने घेऊ.

पहिला मुद्दा कलावंताच्या अधिकाराचा. तो मी नाकारत नाही. त्याची मर्यादा सांगतो. कलावंताच्या टेबलाच्या खणात असलेला मजकूर आणि त्याने लोकांसमोर उभे राहून सादर केलेली कृती यांत मूलभूत फरक आहे. फ्रान्झ काफ्का यांनी आपले अप्रकाशित लेखन जाळून टाकावे असे मित्राला, माक्स ब्रोड यांना, सांगून ठेवले होते. ब्रोड यांनी ते ऐकले नाही आणि काफ्का यांच्या मृत्यूनंतर वर्षभरातच, १९२५ साली, 'द ट्रायल' प्रसिद्ध केली. ब्रोड यांचे वर्तन योग्य की अयोग्य यावर आजही प्रामाणिक मतभेद होऊ शकतात. कारण ते लेखन खरोखरीच खासगी होते. क्राफ्टवेर्कच्या प्रकरणात तेवढीही पळवाट नाही. ध्वनिमुद्रिका त्यांनी स्वतः प्रसिद्ध केल्या. कार्यक्रम त्यांनी श्रोत्यांसमोर केले. जे एकदा चारचौघांत बोलले गेले ते बोलणाऱ्याच्या एकट्याच्या मालकीचे राहत नाही. त्यावर 'माझे मत आता बदलले आहे' असे तो अवश्य म्हणू शकतो. 'मी बोललोच नव्हतो' असे म्हणू शकत नाही.

या बाबतीत जर्मनीचाच कायदा पाहण्याजोगा आहे. त्यांच्या १९६५ च्या प्रताधिकार कायद्याच्या ४२ व्या कलमाने असे ठरविले आहे की, एखादी कृती आता आपल्या धारणेशी जुळत नाही असे कर्त्याला वाटले, तर तो तिच्या वापराचे दुसऱ्याला दिलेले हक्क परत घेऊ शकतो; मात्र त्यासाठी त्याने संबंधितास योग्य भरपाई दिली पाहिजे. या कलमातील न्यायबुद्धी पाहा. मत बदलण्याचा अधिकार तर आहे, परंतु तो उघडपणे सांगून, किंमत मोजून वापरावयाचा आहे. नुसते मौन पाळून, सूचीतून नाव गाळून, काळाच्या हवाली करण्याला या कलमात जागा नाही. शिवाय हक्क परत घेतले तरी ग्रंथालयातील प्रत कोणी जाळत नाही. कायद्याला जे समजते ते रसिकांना समजू नये हे नवल आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, 'कलावंत' हा शब्द येथे एकवचनी वापरताच येत नाही. ब्रेमेनचे मुद्रण कोणाचे? श्नायडर, डिंगर आणि रोटर यांचे. डिंगर २००८ मध्ये वारले. श्नायडर २००८ च्या सुमारास वाद्यवृंदातून बाहेर पडले आणि २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हापासून क्राफ्टवेर्क या नावाची धुरा संस्थापकांपैकी एकट्या ह्यूटर यांच्याकडे आली. आणि ह्यूटर त्या संध्याकाळी रंगमंचावर नव्हतेच! ज्या मैफलीत आपण वाजविले नाही, ती मैफल आपल्या घराण्याच्या इतिहासात धरू नये असे म्हणण्याचा नैतिक अधिकार एखाद्याला कसा पोचतो? पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर आंद्रेआस होहमान यांचेही ड्रमवादन आहे. त्या साऱ्या वर्षांच्या ध्वनिमुद्रणामागे कॉनी प्लांक यांच्यासारखा असामान्य तंत्रज्ञ उभा होता. तो १९८७ मध्येच गेला. प्रारंभीची चार वर्षे पुसली की ही सारी माणसे पुसली जातात आणि उरते ती दोघांनी बंद खोलीत यंत्रांच्या साहाय्याने केलेल्या चमत्काराची कथा. ती कथा सुबक आहे. तिचा गाभाच तेवढा अपुरा आहे.

आणि मुद्रण करणारी संस्था? रेडिओ ब्रेमेन ही सार्वजनिक नभोवाणी आहे. तिचा खर्च श्रोत्यांनी भरलेल्या शुल्कातून चालतो. लोकांच्या पैशातून झालेले काम लोकांच्या दप्तरात जाते. माझ्या सेवाकाळाचा बराच भाग कागदपत्रांच्या जतनाशी निगडित होता, म्हणून एक साधा नियम येथे सांगतो: ज्या अधिकाऱ्याच्या सहीचा कागद असतो, त्याच्या एकट्याच्या इच्छेवर तो कागद नष्ट करावयाचा की ठेवावयाचा हे सोडले जात नाही. कारण उघड आहे. स्वतःच्या जुन्या निर्णयाचा सर्वांत पक्षपाती परीक्षक तो स्वतःच असतो. कधी तो अहंकाराने जुने फुगवितो, कधी लाजेने लपवितो. दोन्ही परींनी दप्तर बिघडते.

दुसरा मुद्दा गुणवत्तेचा. 'ते काम कच्चे होते, थोर कलावंताचे कच्चे काम दाखवून आपण त्याचा अपमान करतो.' या मुद्द्यावर मराठी वाचकाने तरी फसू नये. बा. सी. मर्ढेकर यांचा 'शिशिरागम' १९३९ चा आणि 'काही कविता' १९४७ चा. आठ वर्षांत हा कवी कोठून कोठे गेला, त्याने कोणती भाषा टाकली आणि कोणती घडविली, हे आपल्याला सांगता येते ते केवळ 'शिशिरागम' आपल्या हाती आहे म्हणून. त्या पहिल्या संग्रहाने मर्ढेकर लहान झाले काय? उलट त्यांची झेप मोजण्याची दोरी आपल्याला त्यानेच दिली. परिपक्व कृतीला प्रारंभीच्या कृतीची भीती वाटण्याचे कारण नसते.

पाश्चात्त्य संगीतातीलच उदाहरण हवे असेल तर ब्रिटनमधील शेफील्डच्या 'ह्यूमन लीग' या वाद्यवृंदाचे घ्यावे. १९८१ मध्ये जगप्रसिद्ध होण्यापूर्वीची, घरगुती साधनांवर केलेली त्यांची मुद्रणे २००२ साली 'द गोल्डन अवर ऑफ द फ्यूचर' या नावाने प्रसिद्ध झाली. आकाश कोसळले नाही. त्यांच्या लोकप्रिय गीतांचे श्रोते कमी झाले नाहीत. काही अभ्यासकांना एक दुवा मिळाला, काही जुन्या चाहत्यांना आनंद मिळाला, एवढेच.

शिवाय 'कच्चे' म्हणजे काय, हेही विचारले पाहिजे. 'आउटोबान' ध्वनिमुद्रिकेची दुसरी बाजू ऐका. तिच्या शेवटच्या प्रातःकालीन भ्रमंतीच्या रचनेत बासरी आहे. म्हणजे वगळलेल्या वर्षांतील बासरी अधिकृत इतिहासाच्या पहिल्याच तबकडीत शिरून बसली आहे. १९७२ च्या 'क्राफ्टवेर्क २' मध्ये ह्यूटर आणि श्नायडर यांनी ड्रमवादकाच्या जागी तालयंत्र वापरले, ते डिंगर निघून गेल्यामुळे निर्माण झालेल्या पोकळीत. यंत्रयुगाची ही पहिली पायरी माणसाच्या अनुपस्थितीतून घडली! १९७३ मध्ये वोल्फगांग फ्ल्यूर आले आणि घरी बनविलेल्या विद्युत्-तालपट्ट्यांवर आघात करू लागले. हे सारे टप्पे गाळले तर 'आउटोबान' आकाशातून पडल्यासारखी भासते. आकाशातून पडलेल्या गोष्टीची पूजा करता येते, पण तिच्यापासून कोणाला काही शिकता येत नाही. आज एखाद्या लहान गावात जुजबी साधनांवर चाचपडणाऱ्या तरुणाला क्राफ्टवेर्कच्या यंत्रमानवांकडून काय मिळणार? फार तर न्यूनगंड. झोस्टच्या चित्रणातील, एकमेकांकडे पाहून अंदाज घेणाऱ्या त्या तिघांकडून त्याला धीर मिळेल.

तिसरा मुद्दा व्यवहाराचा, आणि तो चतुर आहे. 'ज्याला ऐकावयाचे त्याला चोरट्या प्रती मिळतातच. मग अधिकृत प्रकाशनाचा आग्रह कशाला?' म्हणजे दार बंद ठेवावयाचे आणि खिडकी फुटली आहे म्हणून समाधान मानावयाचे. पहिल्या तीन ध्वनिमुद्रिकांच्या चोरट्या सीडी १९९० च्या दशकात दुकानांत सर्रास मिळत. त्यांचा पैसा ना ह्यूटर यांना मिळाला, ना डिंगर यांना, ना प्लांक यांच्या वारसांना. कार्यक्रमांच्या चोरट्या प्रतींची अवस्था तर आणखी वाईट. तारीख बरोबर की चूक, वाजविणारे कोण, रचना पूर्ण की कापलेली, मूळ गतीने ऐकू येते आहे की नाही, याची हमी कोण घेणार? पुरावा म्हणून असा कागद कोणत्याही कचेरीत ग्राह्य धरला जाणार नाही.

याचे उत्तर नॉय!च्या इतिहासातच आहे. डिंगर आणि रोटर यांचे पुढे पटेना. त्यांच्या मतभेदांमुळे नॉय!च्या ध्वनिमुद्रिका सीडीवर येईनात आणि बाजार चोरट्या प्रतींनी भरला. १९९६ साली तर १९७२ च्या एका तालमीचे सुमार दर्जाचे मुद्रण जपानमधील एका कंपनीकडून, डिंगर यांच्या पुढाकाराने पण रोटर यांच्या संमतीविना, 'लाइव्ह' म्हणून बाहेर आले. शेवटी २००१ मध्ये दोघांची संमती घेऊन तिन्ही मूळ ध्वनिमुद्रिका नीट शुद्ध करून प्रसिद्ध झाल्या आणि नव्या पिढीने त्या डोक्यावर घेतल्या. या हकिगतीतून दोन्ही पक्षांनी बोध घ्यावा. संमतीविना काढलेले मुद्रण हा माझाही आदर्श नव्हे. परंतु संमती अडवून धरली की असलेच प्रकार फोफावतात.

आणि क्राफ्टवेर्कच्या बाबतीत एक विसंगती तर अशी आहे की तिच्याकडे डोळेझाक करणे अशक्य आहे. १९९७ साली मोझेस पेल्हाम या निर्मात्याने एका जर्मन गीतात क्राफ्टवेर्कच्या 'मेटाल आउफ मेटाल' (१९७७) या रचनेतील सुमारे दोन सेकंदांचा तालखंड उचलून वापरला. ह्यूटर आणि श्नायडर न्यायालयात गेले. खालची न्यायालये, सर्वोच्च दिवाणी न्यायालय, २०१६ मध्ये जर्मनीचे घटना न्यायालय, २०१९ मध्ये युरोपीय न्यायालय, असा तो दावा दोन दशकांहून अधिक काळ चालत राहिला. आपल्या दोन सेकंदांसाठी लढण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे, आणि कायद्याच्या विकासाला त्या दाव्याने हातभारही लावला. पण मग प्रश्न पडतो: जे कलावंत दोन सेकंदांची राखण अशा दक्षतेने करतात, त्यांनी चार वर्षांचे संगीत चोरांच्या स्वाधीन कसे केले? ज्याची लाज वाटते ते चोरीला गेले तरी चालते, असा याचा अर्थ होतो. वारसा म्हणजे आवडीचे तेवढे दागिने नव्हेत. घरातील मोडके पितळही वारसाच असते.

चौथा आणि अखेरचा आक्षेप मला उद्देशून घेतला जाईल, तो असा की, मराठी साहित्याच्या मंडळाला या परदेशी वाद्यवृंदाशी काय कर्तव्य? महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न इतरांहून अधिक जवळचा आहे, असे माझे उत्तर आहे. आपल्या संस्थांचा इतिहास हा बहुधा प्रसिद्धीच्या अलीकडचाच लिहिला जातो. माझ्या परिचयाच्या एका संस्थेने सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका काढली. तीत पहिली काही वर्षे दोन ओळींत आटोपली होती. कारण त्या वर्षांत भांडणे झाली होती, नाटके पडली होती, आणि ज्यांनी सतरंज्या अंथरल्या ते पुढे दुसऱ्या गटात गेले होते. आज त्या वर्षांविषयी विचारावयाचे तर सांगणारे कोणी उरले नाही. गणेशोत्सवांतील आणि संगीतसभांतील जुन्या ध्वनिफिती अशाच कोणाकोणाच्या कपाटांत बुरशी खात आहेत. ज्या गायकाला पुढे नाव मिळाले त्याची फीत शोधली जाते; ज्या सभेत तो प्रथम चाचपडला, तिची फीत 'जाऊ द्या हो, तेव्हा तो कोण होता!' म्हणून पुसून तिच्यावर दुसरे काही भरले जाते. ब्रेमेनच्या नभोवाणीने १९७१ मध्ये जे केले त्याचे महत्त्व येथे कळते. या तिघांना तेव्हा कोण ओळखत होते? कीर्ती मिळाल्यावर टिपणारे पुष्कळ असतात. आधी टिपणारा विरळा. त्या अनाम तंत्रज्ञांनी आपले कर्तव्य केले. पुढच्यांनी ते कुलपात ठेवले.

मग व्हावे तरी काय? माझ्या अपेक्षा फार नाहीत. ज्या सार्वजनिक संस्थांकडे अशी मुद्रणे आहेत, त्यांनी त्यांची तारीख, स्थळ व वादकांच्या नावांसह नोंद उघड करावी व अभ्यासकांना ती ऐकू द्यावीत. हयात वादकांना विचारून, दिवंगतांच्या वारसांना त्यांचा वाटा देऊन, ती रीतसर प्रसिद्ध करावीत. त्या काळचे साक्षीदार एकेक करून जात आहेत. रोटर १९५० सालचे आहेत. एखाद्या कलावंताला आपले आरंभीचे काम नापसंत असेल तर त्याने प्रस्तावनेत तसे खुशाल लिहावे. रसिक त्याचे म्हणणे आदराने वाचतील, आणि मग स्वतःच्या कानांनी ऐकून पटते की नाही ते ठरवतील. आणि ज्या संचाचे नाव 'सूची' असे आहे, त्यात निदान एका ओळीत तरी नमूद असावे की याआधीही तीन ध्वनिमुद्रिका होत्या.

मतभेदाचा शेरा कागदावर अवश्य मारावा, तो स्वच्छ अक्षरात मारावा, खाली सही करावी. पण कागद नस्तीतून काढू नये. कलावंत असो, संस्था असो वा सरकार, हा साधा शिष्टाचार सर्वांना सारखाच लागू आहे. आपल्या मंडळाच्या कपाटातील जुन्या फितींवर पुढील बैठकीपर्यंत निदान तारीख, गाव आणि नावे लिहून होतील, एवढी विनंती कार्यकारिणीला करतो.